चौदा अंशांची नदी

"ज्या देशात नदी नाही, तिथे नदीवर मासे पकडायला कोण जातं?" वैशालीने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की चर्चा होते, आणि आमच्या घरात चर्चा झालेली गोष्ट सहसा होत नाही. आमच्या कन्येने, ईराने, टॅबवरची नजर न उचलता निकाल दिला, "बाबा, लिटरली देअर आर नो रिव्हर्स इन द यूएई." दोघींचंही बरोबर होतं. तरी मी बुकिंग केलं.

कारण सांगतो. मी गेली अठरा वर्षं दुबईत एसीचं काम करतोय. अल क्वोजला छोटं वर्कशॉप आहे. धंदा बरा चालतो, पण समाजात माझी ओळख माणूस म्हणून उरलेली नाही. गेल्या महिन्यात एका सत्यनारायणाला गेलो होतो. तीर्थाला हात पुढे केला तर यजमान कानाशी आले, "बेडरूमचा एसी टपटपतोय, आलाच आहात तर जरा बघता?" सिल्कचा झब्बा सावरत मी स्टुलावर चढलो. प्रसाद मला खाली उतरल्यावर मिळाला. वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू, सगळीकडे हेच. एका मयताच्या घरीसुद्धा मी फिल्टर धुऊन दिलाय.

अशात फोनवर ती जाहिरात आली. अल ऐनजवळच्या एका फार्मवर खरीखुरी वाहती नदी, तिच्यात परदेशातून आणलेले ट्राउट, काठावर तंबू. पॅकेजचं नाव 'सोलो'. दोन रात्री, तुम्ही, नदी आणि मासा. तंबूची जागा रात्रीला साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. मासेमारीचा परवाना त्यातच आणि रॉडचं भाडं वेगळं. एवढ्या पैशांत वैशालीच्या माहेरी, रेवदंड्याला, वर्षभर सुरमई खाता आली असती, असं ती म्हणाली. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' असा रकाना होता. मी बेधडक 'कन्सल्टंट' लिहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला खाण्याचं काहीही न लावता मासा पकडणे. पिसं आणि रंगीत दोरा बांधून एक खोटी माशी करायची, ती जड दोरीच्या टोकाला लावायची, आणि दोरी हवेत मागेपुढे फिरवून माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मी आठवडाभर आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर सराव केला. तिसऱ्या दिवशी वॉचमनने डिश अँटेनावर अडकलेली दोरी सोडवून दिली आणि काहीही विचारलं नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे.

शुक्रवारी दुपारी निघालो. अल ऐनचा रस्ता दीड तासाचा आणि इतका सरळ की स्टिअरिंग धरायचं ते केवळ रीत म्हणून. दोन्ही बाजूंना उंटांसाठी कुंपण, दर थोड्या अंतरावर वेगाचे कॅमेरे. पेट्रोल पंपावर कडक चहा घेतला, दोन दिरहॅम. अठ्ठेचाळीस रुपये. एवढी वर्षं झाली तरी घोट घेण्याआधी गुणाकार होतोच. पुढे शेवटचे सहा किलोमीटर कच्चे आहेत, पण साधी गाडी जाते. फोर बाय फोर लागते असं जाहिरातीत म्हटलंय ते तुम्हाला धाडसी वाटावं म्हणून.

फार्मच्या फाटकापासून खजुराची झाडं लागतात आणि त्यांच्या पलीकडे ती नदी. लांबी दोनशे मीटर. एका भिंतीतून उगम पावते, फायबरच्या खडकांवरून खळाळते आणि लोखंडी जाळीत लुप्त होते. तिथून पंप तिला परत उगमाकडे नेतो. उगमापासून मुखापर्यंतची परिक्रमा मी चार मिनिटांत केली, त्यातही एक मिनिट सेल्फी पॉइंटवर गेलं. काठावर बँकेत टोकन नंबर दाखवतात तसा लाल आकड्यांचा फलक होता: पाणी १४ अंश. ट्राउटला थंड पाणी लागतं. अठरा अंशांच्या पुढे तो धापा टाकतो आणि विसाला मरायला लागतो. बाहेर अठ्ठावीस होतं.

सोलो पॅकेजवाले आम्ही सात जण होतो. सात एकटे, चार-चार फुटांवर सात तंबू. शेजारचा गुडगावचा बँकवाला 'मी टाइम' साठी आला होता आणि तसं तो स्पीकर फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवत होता. सहा वाजता आम्हा सात एकट्यांचा ग्रुप फोटो झाला. फोटोग्राफर म्हणाला, जरा एकमेकांना चिकटून उभे राहा.

माझा तंबू मात्र मी मागून घेतला, सगळ्यात टोकाचा. कारण गाडीतून उतरताच मला तो आवाज ओळखू आला होता. खजुराच्या मागे कुठेतरी पाणी थंड करणारा मोठा चिलर चालू होता. ही नदी म्हणजे शेवटी एक लांबलचक वॉटर कूलर होता. मला त्याच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नव्हतं.

वैशालीला पोचल्याचा फोन केला तेव्हा मागून आवाज आला, "मराठी का वो तुमी?" गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर 'रिव्हर गाईड' लिहिलेली टोपी, पांढरी दाढी. हे हमीदभाई. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, गल्फमध्ये सव्वीस वर्षं. आधी मासेमारीच्या लाँचवर, मग जबल अलीच्या गोदामात, आणि आता अल ऐनच्या नदीवर.

त्यांनी मला रॉड दिला आणि नियम सांगितला, "मासा मारायचा नाय. धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा."

"आणि मग?"

"मग पुन्ना धरायचा." त्यांनी रीळ फिरवून बघितलं. "साहेब, आमच्या बापजाद्यांनी दर्यात जन्म काढला. धरलेला मासा सोडला तो फक्त हातातनं निसटला म्हणून. हितं पगार घेऊन सोडतो."

मला वैशालीने डब्यात रवा, मसाला आणि कोकमाच्या आगळाची बाटली दिली होती. ते सगळं मी तंबूच्या तळाशी लपवलं.

चहा पिताना हमीदभाईंनी खरी गोष्ट सांगितली. इथे मालकाला अरबाब म्हणतात. अरबाबला कुणीतरी सल्ला दिलाय, नदी बुजव आणि पॅडल नावाच्या छोट्या टेनिसची कोर्टं बांध, आजकाल सगळे तेच खेळतात. तो उद्या पाच वाजता घरच्यांना घेऊन नदी बघायला येणार होता. पसंत पडली तर ठेवणार. "चौतीस मासे हायत. चौतीस जिवंत दाखवायचे. नायतर खलास. माझा विझा या नदीवर हाय साहेब. धाकटी पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय. अजून दोन वर्षं कशी तरी काढायची."

"ठेवील हो," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि मग विचारलं, "तुमी काय काम करता?"

"कन्सल्टिंग."

"म्हंजे?"

"म्हणजे... सल्ला."

त्यांनी पॅडलवाल्या सल्लागाराला आठवत माझ्याकडे पाहिलं आणि कप घेऊन गेले.

अंधार पडताच मी आडवा झालो. बँकवाल्याची मावशी स्पीकरवर होती. तिच्या आवाजाखालून चिलरचा आवाज येत होता आणि इच्छा नसताना माझा कान तिकडे लागला. चार पंखे. त्यातला एक जड आवाज करतोय, मोटर दमल्यासारखी. काहीतरी हवा अडवतंय. उठून पाच मिनिटांत बघता आलं असतं. मी कूस बदलली आणि उशी कानावर घेतली. मी सुट्टीवर होतो.

शनिवारी पहाटे सुक्या मासळीचा खमंग वास आला. वैशालीच्या माहेरच्या अंगणात येतो तसाच. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब. एकांतात माणसाला भास होतात असं वाचलं होतं, त्यामुळे मी खूश झालो. पॅकेज लागू पडत होतं.

सकाळभर मी नदीत उभा होतो. पहिल्या तासात मी स्वतःची टोपी पकडली. मग एक घाफचं झाड, मग बँकवाल्याची कॅम्पिंगची खुर्ची. ट्राउट मात्र दिसत होते, खडकाखाली स्थिर, अंगावर ठिपके, माझ्या पिसांच्या माशीकडे ढुंकूनही न बघणारे. हमीदभाई काठावरून म्हणायचे, "करंदी लावा वो, करंदी! पिसं कोण खातो?" तरी एकदा, साधारण अकराच्या सुमारास, दोरी हवेत नीट उलगडली आणि माशी आवाज न करता पाण्यावर बसली. कुणीही काहीही दुरुस्त करायला सांगत नव्हतं. मी खरोखर सुखी झालो. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सुखाला धरून ठेवण्याच्या नादात झालं.

साडेबाराला आवाज थांबला.

इतरांना कळलंही नाही. पाणी वाहत होतं, पंप चालू होता. पण चिलर बंद पडला होता. मी फलकाकडे पाहिलं: १५. अर्ध्या तासाने १७. हमीदभाई फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. मेंटेनन्सवाल्या कंपनीने सांगितलं, आज माणूस नाही, उद्या सकाळी, इन्शाल्ला. मुखाकडची जाळी तापलेली, वरून भर दुपारचं ऊन. १८. मासे खडकाखालून निघाले आणि उगमाच्या भिंतीशी गोळा झाले.

आणि मी काय करत होतो? मी दोरी फेकत होतो. मनातल्या मनात युक्तिवाद चालू होता: मी गिऱ्हाईक आहे, पैसे भरलेत, कंपनी आहे ना, दरवेळी मीच का. १९.

तेवढ्यात दोरी ताणली. माझा पहिला ट्राउट! मी रॉड उचलला. यूट्यूबवर बघितलं होतं, मासा उसळतो, पळतो, रीळ किंचाळतं. तसं काहीच झालं नाही. तो सरळ येत राहिला. हातात घेतला तर त्याचं तोंड उघडझाप करत होतं आणि पिसांची माशी ओठाला नुसती टेकली होती. त्याने ती खाल्ली नव्हती. धाप लागून तोंड उघडलं तेव्हा ती आत गेली होती. मला लाज वाटली. अठरा वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकासमोर वाटली नसेल इतकी.

"हमीदभाई, चिलर कुठाय?"

"तुमी कशाला तिकडं?" ते एकदम आडवे झाले. "तुमी सल्लावाले."

"मी एसीवाला आहे."

मला वाटलं ते मिठी मारतील. त्यांचा चेहरा उतरला. "नका जाव साहेब तिकडं."

मी गेलो. खजुराच्या मागे माझ्या वर्कशॉपच्या टेंपोएवढा चिलर उभा होता. माथ्यावर चार पंखे, गरम हवा वर फेकणारे. त्यातल्या तीन पंख्यांच्या जाळ्यांवर मच्छरदाणीचं कापड दोन पदरी घट्ट बांधलेलं होतं आणि त्यावर मिठात घोळवलेले, पोट फाडलेले बांगडे ओळीने पसरलेले होते. शंभरएक असतील.

हमीदभाई मागे येऊन उभे राहिले. "गरम वारा फुकट जायचा," ते हळू आवाजात म्हणाले. "अशी खारवलेली मासळी दोन दिसात सुकते. महिनाभर एकाच पंख्यावर घालायचो, कायच झालं नाय. काल अल ऐनच्या मार्केटात पेटी स्वस्त गावली..."

चिलरचा श्वास कोंडला होता. गरम हवा बाहेर जाईना, प्रेशर चढलं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडलं. विलायती मासा ज्या यंत्रावर जगत होता, त्याच्याच डोक्यावर देशी मासा सुकत होता. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसलो असतो. हमीदभाई 'रिव्हर गाईड'ची टोपी काढून हातात धरून उभे होते, म्हणून हसलो नाही.

"यल्ला, चला," मी म्हटलं, "आधी बांगडे उतरवा."

गाडीच्या डिकीत मल्टिमीटर आणि पान्हे होतेच. सुट्टीत ते घेऊन जायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, पण अंगवळणी पडलेल्या गोष्टी आपण भरतो तेव्हा आपल्याला कळत नाही. पाइपने कॉइलवर पाणी मारून तिला थंड केलं. एका पंख्याची मोटर तापून बंद पडली होती, ती निवेपर्यंत थांबणं भाग होतं. फलकावर २०.

"मासे बाहेर काढा," मी ओरडलो. "बर्फ आहे का?"

बर्फ सात एकट्यांच्या सात कूल बॉक्समध्ये होता. आणि इथे मला कबूल करायला हवं की ज्या माणसांची मी दोन दिवस टिंगल करत होतो, ती धावत आली. बँकवाल्याने मावशीचा फोन कापला, ज्यूसचे कॅन वाळूत उलटे केले आणि बॉक्स घेऊन कपड्यांसकट नदीत उतरला. हमीदभाई कंबरभर पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी मासे उचलत होते. लाँचवर काम केलेला माणूस तो, एकही निसटला नाही. आम्ही नदीचं पाणी आणि बर्फ घातलेल्या बॉक्समध्ये चार-चार, पाच-पाच मासे ठेवले आणि हवा मिसळावी म्हणून मगाने पाणी वर-खाली ओतत बसलो. माझ्याही हातातून अकरा मासे गेले. थंड, जड, हाताला गुळगुळीत. दोन आधीच मेले होते. बत्तीस उरले.

दोन वाजता मी रिसेटचं बटण दाबलं. पाच मिनिटं काहीच होत नाही, ते मशीनच तसं असतं. ती पाच मिनिटं हमीदभाई डोळे मिटून ओठ हलवत होते. मग चारही पंखे एका आवाजात फिरले. त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही, कारण मी त्याच आवाजापासून दीडशे किलोमीटर पळून आलो होतो.

पावणेपाचला फलकावर १६ आलं आणि आम्ही एकेक मासा हातात धरून, पाण्यात जरा पोहायला लावून सोडून दिला. पाचला अरबाब आला. नातवाने एक मासा बघितला, टाळ्या वाजवल्या. अरबाबने चिलर आज बंद होता का विचारलं. हमीदभाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि मी एका कागदावर कारण आणि फोन नंबर लिहून सही करून दिली: कॉइलवर धूळ. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं कारण लिहून सही केली.

रविवारी सकाळी निघताना हमीदभाईंनी सगळे बांगडे तीन पिशव्यांत भरून माझ्या डिकीत ठेवले. पुरावाच तो, फार्मवर ठेवून चालणार नव्हतं. शिवाय ते म्हणाले, "वहिनींना द्या. कोळशावर भाजा, वरनं खोबरेल." दुबईपर्यंत काचा उघड्या ठेवून आलो. घरी वैशालीने पिशवीत नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ट्राउट अगदी आपल्या बांगड्यासारखाच दिसतो हं." मग मी सगळं सांगितलं. ती हसता हसता खाली बसली. शुक्रवारच्या आवाजाचं सांगितलं तेव्हा मात्र हसायची थांबली. "ऐकू आलं होतं तुला?" एवढंच विचारलं.

सोमवारी वर्कशॉपमध्ये अरबाबचा फोन आला. हिंदीत बोलतो तो, इथल्या बऱ्याच जणांसारखं. "इंजिनीअर साब, मैंने गिना. दो मछली कम है. धूल तो रोज होता है. उस दिन किसका गलती?"

एक नाव तयारच होतं. ते घेतलं असतं तर खरं ठरलं असतं, आणि मी मोकळा झालो असतो.

"सर, पंखा शुक्रवार शाम से आवाज कर रहा था," मी म्हटलं. "एक गेस्ट ने सुना. उसको समझ में भी आया. वो उठा नहीं."

"क्यों नहीं उठा?"

"छुट्टी पे था."

"कैसा आदमी है! नाम बोलो."

मी माझं नाव सांगितलं. त्याने परत विचारलं, मी स्पेलिंगसकट सांगितलं.

"और हमीद?"

"हमीद पानी में था, सर. आपका बत्तीस मछली उसके हाथ से बचा."

"खलास," तो म्हणाला, म्हणजे विषय संपला. "हमीद रहेगा. नदी भी रहेगा, बच्चे को पसंद है. आप को बुकिंग नहीं मिलेगा."

तर या देशातल्या ट्राउटच्या एकुलत्या एका नदीवर मला बंदी आहे. अरबाबला मराठी येत नाही म्हणून हे इथे लिहू शकतोय, शिवाय नावं बदललीत. तुम्ही मात्र जरूर जा. मार्चनंतर उन्हाने हाल होतात, त्याआधी जा. बर्फ भरपूर न्या. आणि पांढऱ्या दाढीचा गाईड भेटला तर आमच्या घरचा निरोप द्या: मीठ अगदी बेताचं पडलं होतं, बांगडे संपत आलेत, आणि पुढची पेटी पंख्यापासून चार हात लांब वाळवा.